परसातला आंबा: मलगोबा, मियाझाकी आणि बांधावरचा शेपू

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी, बोललो तसाच, थोडा आवरून इथे देतोय.

गेल्या महिन्यात श्रीरामपुरातल्याच एका ताईंचा आवाजी निरोप आला. घर नवं बांधलंय, मागच्या बाजूला पंधरा बाय वीस फूट जागा उरलीय. आंबा लावायचाय. रोपवाटिकेवाला म्हणतोय मियाझाकी घ्या, जपानी आहे, लाखात किंमत आहे. सासूबाई म्हणतायत केशरच लावा. ताईंचा प्रश्न सरळ होता, "दादा, यातलं कुठलं लावू?"

याचं उत्तर खरं तर दोन ओळींचं आहे, ते पुढे देतोच. पण या प्रश्नामागे एक मोठी गंमत आहे. पंधरा बाय वीस फुटांत आंबा लावायचा, हा विचार आपल्या पणजोबांच्या डोक्यातसुद्धा आला नसता. आणि ज्याला आपण जपानी म्हणतोय, त्या आंब्याची मुळं शोधत गेलं तर माणूस पुण्यात येऊन पोचतो. कसं ते बघू.

आंबा म्हणजे पिढीचा हिशेब

आधी आपला गावरान आंबा घ्या. कोय टाकली, उगवली, वाढली. याला आपण रायवळ म्हणतो. फळ धरायला सात-आठ वर्षं, कधी दहा. उंची चाळीस-पन्नास फूट सहज जाते. एका झाडाची सावली अर्धा-पाऊण गुंठा खाते. उतरवायला झेला घेऊन वर चढणारा गडी लागतो. असं झाड घरामागे लावत नसत. ते बांधावर, विहिरीच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, नाहीतर गावाबाहेरच्या आमराईत. लावणाऱ्यानं लावायचं, नातवानं खायचं.

हा काळाचा हिशेब आपल्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होता. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय येतो. आंबा आणि फणस ही झाडं लाकूड म्हणून उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये, असं तिथं बजावलंय. कारण अगदी साधं दिलंय. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा कागद आहे. आणि तो बोलतोय त्या काळच्या सामान्य माणसाच्या आंब्याबद्दल.

आता आपलं श्रीरामपूर बघा. शहर म्हणून ते तसं तरुणच. प्रवरेकाठचं बेलापूर हे जुनं गाव. दौंड-मनमाड रेल्वे 1878 साली सुरू झाली, स्टेशनाजवळ वस्ती वाढली आणि तिला लोक बेलापूर रोड म्हणू लागले. तिचंच पुढे श्रीरामपूर झालं. स्टेशनाच्या पाटीवर मात्र आजही बेलापूरच आहे, बाहेरचा पाहुणा दर वेळी गोंधळतो. मग भंडारदऱ्याचं धरण आलं, 1926 साली त्याचं उद्घाटन झालं. प्रवरेच्या कालव्यांनी ऊस आणला, मोसंबी आणली. हरेगावला, टिळकनगरला साखर कारखाने उभे राहिले, 1950 साली शेजारी लोणीत सहकारी कारखाना निघाला. म्हणजे आपलं गाव रेल्वे, पाट आणि साखर यांनी घडवलंय. जुन्या वाड्यांच्या मागं पिढीजात आमराया असाव्यात असा हा गावच नाही. इथं आंबा आला तो प्लॉटमध्ये. आणि प्लॉटमध्ये मावेल असा आंबा मिळायला मोठा इतिहास घडावा लागला.

कोय आईसारखी नसते

पहिली अडचण झाडाच्या स्वभावातच आहे. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि तो आई-बाप दोघांचं मिश्रण असतो. बाप कोण, तर ज्या मोहोराचे परागकण माशीनं आणले तो. त्यामुळे प्रत्येक कोयीतून येणारं झाड नवीनच असतं. रायवळच्या दहा झाडांची दहा चवी असण्याचं कारण हेच. आग्नेय आशियात मात्र असे आंबे आहेत की ज्यांच्या एका कोयीतून चार-चार कोंब येतात आणि त्यातले बहुतेक हुबेहूब आईसारखे निघतात. आपल्याकडे ती सोय नाही.

मग चांगला आंबा सापडला तर तो तसाच पुढं न्यायचा कसा? त्याची फांदी दुसऱ्या रोपावर जोडून. म्हणजे कलम. कलम बांधणं ही कला आपल्याकडे किती जुनी यावर वाद होऊ शकतो, पण पश्चिम किनाऱ्यावर तिला जोर आला तो पोर्तुगीज काळात, गोव्यात. तिथल्या बागांमधून निवडक झाडांची कलमं होत गेली आणि आंब्यांना पोर्तुगीज नावं चिकटली. मालकुराद, फर्नांदिन, आणि आफोंसो, ज्याचं आपण हापूस केलं.

त्या काळातली एक नोंद मला फार आवडते. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पती आणि फळांवर त्यानं 1563 साली गोव्यात पुस्तक छापलं. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. आंब्याच्या प्रकरणात तो आपल्या मुंबईतल्या एका झाडाबद्दल सांगतो, की ते वर्षातून दोनदा फळतं, एकदा नाताळच्या सुमाराला आणि एकदा मे महिन्याच्या शेवटी. विचार करा, साडेचारशे वर्षांपूर्वीचं छापील पुस्तक, आणि त्यात माणूस आपल्या स्वतःच्या जागेतल्या आंब्याचं कौतुक सांगतोय. ज्याच्या घरी आंबा आहे तो माणूस गप्प बसत नाही, हे तेव्हापासूनचं आहे.

गणेशखिंडीहून निघालेलं कलम

आता मियाझाकीकडे येऊ. त्यासाठी आधी पुण्याला जायचंय.

पुण्यात गणेशखिंडीत 1873 साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. तिथले अधीक्षक होते जी. मार्शल वुड्रो. हा माणूस आंबावेडा. ठिकठिकाणच्या जाती त्यानं तिथं गोळा केल्या, 1904 साली आंब्याच्या लागवडीवर आणि जातींवर पुस्तक काढलं. पुढे 1921 साली बर्न्स आणि प्रयाग या मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातल्या दोघांनी आंब्यावर आणखी एक पुस्तक लिहिलं, तेही याच परंपरेतलं.

1889 साली अमेरिकेच्या शेतीखात्याला हिंदुस्थानी आंब्याची कलमं हवी होती. ती पुण्याहून, वुड्रोंच्या मार्फत गेली. त्यांत मलगोबा होता. मलगोबा म्हणजे दक्षिणेतला गोल, मोठा, बिनरेषेचा आंबा. ही कलमं फ्लोरिडात लेक वर्थच्या काठी एल्ब्रिज गेल नावाच्या गृहस्थांच्या जागेत लावली गेली. 1894-95च्या हिवाळ्यात तिथं भयंकर गारठा पडला आणि एक झाड सोडून सगळी गेली. त्या एका झाडाला 1898 साली फळ आलं.

त्याच्या कोया जॉन हेडन नावाच्या निवृत्त कॅप्टननं आणल्या आणि 1902 साली मायामीजवळ कोकोनट ग्रोव्हमध्ये आपल्या घराच्या आवारात लावल्या. पुढच्याच वर्षी कॅप्टन वारले. झाडं त्यांच्या पत्नीनं, फ्लोरेन्स हेडन यांनी वाढवली. 1910 साली त्यातल्या एका झाडाला लालभडक गालांची, देखणी फळं आली. त्या आंब्याला हेडन नाव पडलं. कोयीचं झाड, म्हणजे आपल्या भाषेत रायवळच की! आई मलगोबा, आणि बाप, पुढे जनुकीय तपासणीत कळलं तसं, टर्पेंटाइन नावाचा तिकडचा साधा रेषाळ आंबा.

हेडनच्या पोटी आणि त्याच्या घराण्यात पुढं मोठं गणगोत झालं. आज युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जो लाल-हिरवा, टिकाऊ टॉमी अ‍ॅटकिन्स दिसतो तो हेडनचंच पोर. आणि हेडनच्याच घराण्यात 1939 साली मायामीत लावलेल्या एका कोयीतून आला आर्विन. या आर्विनची लागवड 1980च्या दशकात जपानच्या मियाझाकी प्रांतात काचघरांतून सुरू झाली. फळाला जाळी बांधतात आणि ते आपणहून गळून जाळीत पडेपर्यंत थांबतात, म्हणजे पुरा पाडाचा आंबा. त्यातली साडेतीनशे ग्रॅमच्या वरची, ठरावीक गोडी आणि रंगाची फळंच निवडून 'ताइयो नो तामागो', म्हणजे सूर्याचं अंडं, या नावानं विकतात. 2019 साली तिथल्या हंगामातल्या पहिल्या लिलावात दोन फळांना पाच लाख येन मिळाले.

म्हणजे ताई, तुम्हाला जो मियाझाकी म्हणून दाखवला जातोय, तो खरा असला तर आर्विन आहे, आणि त्याची खापरपणजी 1889 साली पुण्याहून बोटीत बसली होती. माहेरवाशीण परत आलीय म्हणा. पण किंमत त्या जातीला नाही. किंमत आहे ती काचघराला, जाळीला, निवडीला आणि पहिल्या लिलावाच्या मानाला. श्रीरामपूरच्या मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, उघड्यावर वाढलेल्या झाडाला ते भाव कोण देणार? हौस म्हणून लावायला माझी ना नाही. लाखांच्या हिशेबानं मात्र लावू नका.

आणखी एक गोष्ट. गणेशखिंडीचं ते उद्यान आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे, तिथं फळ संशोधन केंद्र चालतं. 2020 साली त्या बागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे जगभर पसरलेल्या या घराण्याचं माहेर सांभाळण्याची जबाबदारी आपल्या शेजारच्या राहुरीकडे आहे. आपल्याला पत्ता नसतो.

केशर, आणि बिचारा नीलम

सासूबाईंचा केशर काही फार पुराणा नाही. जुनागढचे वजीर सालेभाई, त्यांच्या वंथलीच्या बागेतला एक आंबा 1931च्या सुमाराला नजरेत भरला. लोक त्याला सालेभाईची आंबडी म्हणत. गिरनारच्या पायथ्याला लाल डोरीला त्याची कलमं लागली. 1934 साली नवाब तिसरे महाबतखान यांनी कापलेल्या फळाचा रंग पाहिला आणि म्हणाले, हे तर केशर! तेच नाव राहिलं. महाराष्ट्रात, विशेषतः घाटावर आणि मराठवाड्यात, केशर पसरला तो 1990 पासून रोजगार हमीला जोडून आलेल्या फळबाग योजनेत. कोरडी हवा त्याला मानवली. 2016 साली मराठवाडा केशरला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण केशर काय नि हापूस काय, ही निसर्गानं दिलेली आणि माणसानं ओळखलेली झाडं. माणसानं ठरवून लहान आंबा घडवला तो त्यानंतर. आणि त्या कथेचा नायक आहे नीलम. बाजारात नीलमला कोण विचारतं? हंगाम संपता संपता येतो, लहानसा, मद्राशी. पण नीलमला एक गुण आहे. तो दर वर्षी फळतो. हापूससारखा एक वर्ष भरभरून आणि एक वर्ष रुसून, असं नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नीलम आणि दशेरी यांचा संकर केला. नीलम आई आणि दशेरी बाप धरला तर झाली मल्लिका, मोठ्या फळाची. उलटं केलं, दशेरी आई आणि नीलम बाप, तर आली आम्रपाली, ठेंगणी, लहान फळांची, घोसानं लागणारी, गर्द केशरी गराची. 1970च्या दशकात या दोन्ही जाती लोकांपर्यंत आल्या. नेहमीचा आंबा दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे हेक्टरी शंभर झाडं लावायचा रिवाज. आम्रपाली अडीच बाय अडीच मीटरवर, हेक्टरी सोळाशे बसवता येते, असं सांगितलं गेलं. अडीच मीटर म्हणजे सव्वाआठ फूट! इथं पहिल्यांदा आंबा आमराईतून निघून परसात यायला मोकळा झाला.

इकडे कोकणात वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचं लग्न लागलं. 1981 साली रत्ना आला. हापूसच्या घराण्याचा, पण साका न होणारा आणि फळण्यात बऱ्यापैकी नियमित. साका म्हणजे फळ कापल्यावर आत जो पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो तो. मग रत्ना आणि हापूस यांच्यापासून 1992 साली सिंधू आला, कोय इतकी पातळ की नसल्यासारखीच. आपल्या राहुरीनं लोणच्यासाठी फुले अभिरुची ही जात दिली.

कलम बांधण्याची रीतही बदलली. जुनी पद्धत भेट कलमाची. रोपाची कुंडी उचलून मोठ्या झाडाच्या फांदीला नेऊन बांधायची आणि महिनोन्‌महिने पाणी घालत बसायचं. मग कोय कलम आलं. जून-जुलैत कोय रुजवायची, तांबूस पानांचं पंधरा दिवसांचं कोवळं रोप कापून त्यावर काडी बसवायची. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ही रीत रुजवली आणि कलमं स्वस्त झाली. तुमच्या-माझ्या खिशाला परवडणारं कलम हे या बदलाचं देणं आहे.

मग इथं काय लावायचं?

आता ताईंच्या दोन ओळी. पंधरा बाय वीस फुटांत एकच झाड लावायचं असेल तर आम्रपाली. थोडी छाटणी करायची तयारी असेल तर केशर. झालं उत्तर.

थोडं सविस्तर सांगतो, कारण असेच प्रश्न अजून दहा जणांनी विचारलेत.

केशर आपल्या हवेत रमतो, रसाला उत्तम, घरच्यांना ओळखीचा. फळ काढल्यावर जूनमध्ये दर वर्षी छाटला तर दहा-बारा फुटांत राहतो. रत्ना इथंही येतो, फळ मोठं, कापून खायला छान. लोणच्याची आणि पन्ह्याची गरज मोठी असेल तर तोतापुरी नाहीतर फुले अभिरुची. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ करायला घरची कैरी हाताशी असणं हे सुख वेगळंच. पायरी रसाला राजा, पण झाड मोठं होतं, त्याला जागा हवी. हापूसचं म्हणाल तर त्याला कोकणची हवा लागते. घाटावर तो लाजतो, एक वर्ष आड तरी नक्कीच. घरी एकच झाड आणि तेच रुसलेलं, असं नको.

आपल्या भागाची खरी अडचण जातीची नाही, पाण्याची आहे. कमी नाही, जास्त. पाटपाण्यानं आपल्याकडे जमिनी कशा चोपण झाल्या हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आंब्याला खोल काळ्या मातीत साचलेलं पाणी चालत नाही. म्हणून तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळा. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच भरून मग कलम लावा. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटणारे कोंब काढत राहा, नाहीतर चार वर्षांनी कलम मरून खालचा रायवळ वाढलेला असतो आणि आपण रोपवाटिकेवाल्याला शिव्या देतो. पहिली तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका. जीवावर येतं, पण खुडा.

आणि ताण. हे श्रीरामपूरकरांना शिकवायला नको. मोसंबीला आपण ताण देतो की नाही? पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडून बहार धरायचा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या त्या बहाराला आंबिया बहार म्हणतात, आंब्याच्या मोहोराच्या वेळेचा म्हणून. मग मोसंबीला लावलेला नियम आंब्याला का नाही? घरामागच्या आंब्यावर रोज मोरीचं पाणी सोडलेलं असतं. झाड हिरवंगार, पान चकचकीत, आणि मोहोर शून्य. झाड मोठं झालं की पावसाळा संपल्यापासून मोहोर येईपर्यंत त्याचं पाणी तोडा. फळ वाटाण्याएवढं झालं की मग द्या.

बांधावरचा शेपू

इथवर मी तुम्हाला नावाजलेल्या जाती सांगितल्या. आता माझ्या मनातलं सांगतो.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट परत परत दिसते. केशर हे कुणाच्या तरी बागेतलं एक झाड होतं. दशेरी हे लखनौजवळच्या त्याच नावाच्या गावातलं एक झाड. हेडन हे एका विधवा बाईनं वाढवलेलं, घराच्या आवारातलं एक झाड. प्रत्येक जात कधीतरी एकाच झाडापुरती होती. ते झाड तेव्हा तुटलं असतं तर ती चव जगातून गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं काय गेलं ते.

आमच्या वस्तीवर, विहिरीजवळच्या बांधाला एक शेपू आंबा आहे. नावाप्रमाणे त्याला शेपूच्या भाजीसारखा वास येतो. काहींना तो अजिबात चालत नाही, आमच्या आजीला दुसरा आंबा चालायचा नाही. आपल्याकडे आखितीला पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाहीत. शेपू तोवर कच्चाच असतो, म्हणून पितरांना बाजारचा आंबा आणि आजीला जूनमध्ये अढीतला शेपू, असा घरचा रिवाज होता. गेल्या वर्षी जमिनीची मोजणी झाली. झाड नेमकं हद्दीच्या रेषेवर आलं. आप्पा, म्हणजे माझे चुलते, त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. "अरे, त्याच्या सावलीत दोन गुंठ्यांत उसाचं कांडं धरत नाही. वाटणी झाली, आता भांडण नको. हंगाम झाला की काढून टाकू. चार केशर लाव तू तुझ्या बाजूला."

मी आप्पांशी वाद घातला नाही. फक्त जुलैपर्यंत थांबा म्हणालो. तीन-चार महिन्यांच्या पक्व काड्या, शेंड्याचा डोळा फुगलेला, वीतभर लांबीच्या. आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं देठ ठेवून कापायची, मग काडी उतरवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि त्याच दिवशी कोवळ्या रोपावर बांधायची. कलमं बांधणारे एक काका त्यासाठी येतायत. वीस रोपं करणार आहोत. दोन माझ्याकडे, एक आप्पांच्या दारात, बाकीची ज्यांना शेपूचा वास चालतो त्यांना. काडी जुन्या, फळत्या झाडाची असल्यानं फळाला दहा वर्षं थांबावं लागत नाही, चार-पाच वर्षांत येतं. झाड आम्रपालीसारखं आपोआप ठेंगणं राहणार नाही, दर जूनला कात्री चालवावी लागेल. ती चालवू.

बाजाराला एकसारखी पेटी लागते. तिथं शेपूला, शेंद्र्याला, खोबऱ्याला, साखरगोटीला जागा नाही, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला घर चालवायचंय. परसातल्या झाडाला मात्र कुणाला दर विचारायचा नसतो. केशर चौकात मिळतो, मंडईत मिळतो. शेपू मिळत नाही. म्हणून ज्यांच्याकडे दोन झाडांची जागा आहे त्यांना माझं सांगणं आहे: एक लावा दर वर्षी फळणारं, कलमाचं, नावाचं. आणि दुसरं लावा आपल्या गावाकडच्या, आजोळच्या बांधावरचं, ज्याचं नाव फक्त तुमच्या घरातच माहीत आहे.

ताईंनी परवा कळवलं की आम्रपाली आणलीय, आणि सासूबाईंच्या माहेरी, अकोल्याकडे, एक साखरगोटी अजून उभी आहे म्हणे. जुलैत काड्या आणायला त्या जाणार आहेत.

तुमच्या बांधावर कुठला आंबा आहे? त्याचं घरातलं नाव, चव, आणि झाड अजून उभं आहे का, एवढं बोलून पाठवा. आलेली नावं पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर नमस्कार.